बंद ग्राइंडरचा आवाज

समजा, तुमच्या हातात लाटणं आहे. त्याचं एक टोक स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवा. दुसरं टोक कानाच्या मागे जे टणक हाड लागतं, तिथं ठेवा. आता डोळे मिटा आणि थोडं थांबा. घाई करू नका. पहिल्यांदा काहीच ऐकू येणार नाही. मग शेजारच्यांचा नळ येईल, वरच्या मजल्यावर कुणी ओढलेली खुर्ची येईल, आणि हळूहळू भिंत बोलायला लागेल.

केतकी चौगुले अशीच बसली होती. इचलकरंजीत, रेणुका अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर, आपल्या घरातल्या ग्राइंडरशेजारी उकिडवी, डोळे घट्ट मिटून. आणि तिची आई वैशाली कमरेवर हात ठेवून मला विचारत होती, "बाई, पोळ्या कशानं लाटू आता मी?"

"दे गं पाच मिनिटं तिला."

"पाच मिनिटं म्हणता म्हणता भाजी गार झाली."

मी त्यांच्या समोरच्या दारात राहायची. शाळेत शास्त्र शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. केतकी सहावीत होती. तिचे वडील सुरतेला नोकरीला, आणि इथं वैशाली इडली-डोशाचं पीठ करून विकायची. पहाटे वाटण, सकाळी पोच. गावातले निम्मे इडलीचे गाडे तिच्या पिठावर चालायचे, असं ती म्हणायची. निम्मे नसतील, पण बरेच चालायचे. घराचा हप्ता आणि केतकीची शाळा त्याच पिठातून निघायची.

हे पीठ आता बंद व्हायची वेळ आली होती. त्यांच्या बरोबर खालच्या घरात दत्तोबा होगाडे राहायचे. आयुष्यभर मागांच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. त्यांनी सोसायटीकडे अर्ज दिला होता. राहत्या इमारतीत मशीन चालतं, आवाजानं घरात बसवत नाही, धंदा बंद करावा. सोसायटीचे चेअरमन मुसळे यांनी दसऱ्याच्या संध्याकाळी सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये बोलावलं होतं.

केतकीनं डोळे उघडले. "बाई, भिंतीत आहे. पण जमिनीत जास्त आहे."

"आणि हवेत?"

"हवेत तर आहेच. आपण ऐकतोय ना."

"जिन्यात जाऊन ये बरं."

ती गेली, अर्ध्या जिन्यात उभी राहिली, परत आली. "जिन्यात फारसा नाही."

"मग होगाडेंच्या घरी तो हवेतून जात असेल का?"

तिनं ग्राइंडरकडे बघितलं. लोखंडी पायांवर उभा असलेला, घागरीएवढ्या पोटाचा ग्राइंडर. फरशी एका कोपऱ्यात खचली होती म्हणून एका पायाखाली लाकडी पाचर मारलेली, आणि हलू नये म्हणून तो कडप्प्याच्या ओट्याला गच्च भिडवून ठेवलेला.

"तो जमिनीला ठोकतोय," ती म्हणाली. "आणि ओट्याला. आणि ओटा भिंतीला."

"मग काय करायचं?"

"मध्ये काहीतरी मऊ घालायचं."

ती पळाली आणि बाहेरच्या चप्पलस्टँडवरून वडिलांच्या जुन्या रबरी चपला घेऊन आली. "हे कापून पायाखाली घालू."

वैशालीनं पोळपाट खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"रबर आहे, आई."

"चप्पल आहे ती! ज्याच्यावर चार घास खातो त्याच्याखाली चप्पल घालतेस? परवा खंडेनवमीला त्याची पूजा करायची मला."

"मग नवी आणू. कुणी न घातलेली. न घातलेली चप्पल म्हणजे नुसतं रबर."

"न घातली तरी चप्पल ती चप्पलच. बाई, तुम्ही तरी सांगा हिला."

मी सांगितलं की चौकातल्या सायकलवाल्याकडे फुटलेल्या ट्यूब पडलेल्या असतात. केतकी ट्यूब घेऊन आली. आम्ही तिघींनी ग्राइंडर तिरपा करून चारही पायांखाली घड्या घातल्या, पाचर काढली आणि ग्राइंडर ओट्यापासून हातभर दूर सरकवला. मग केतकीनं तो चालू केला. त्याची घरघर होतीच, पण ओट्यावरच्या मांडणीतल्या ताटल्या, ज्या रोज त्याच्याबरोबर थरथरायच्या, त्या गप्प होत्या. वैशालीनं एका ताटलीला बोट लावून बघितलं.

"हे आधी का नाही सुचलं कुणाला?" ती म्हणाली.

केतकी धावत खाली जाऊन होगाडेंना विचारून आली. तिचा चेहरा मला जिन्यातच दिसला.

"ते म्हणाले, खडखड गेली. पण घुमायचं गेलं नाही."

"घुमायचं म्हणजे?"

"घूंऽऽ असं. थांबतंय, परत लागतंय म्हणाले. सारखं डोक्यात बसल्यासारखं."

"मी ग्राइंडर बंद केलाय," वैशाली म्हणाली. "तू खाली पोचलीस तेव्हाच बंद केला. आता काय घुमतंय त्यांच्या डोक्यात? त्यांना मला घालवायचंच आहे, केतकी. तू कितीही ट्यूब आण."

खंडेनवमीला गाव बंद असतं. म्हणजे दुकानं उघडी असतात, रस्त्यावर माणसं असतात, पण माग बंद असतात. ज्याचं पोट ज्या हत्यारावर, त्यानं त्या दिवशी ते हत्यार धुवायचं, पुसायचं, पूजा करायची आणि त्याला विश्रांती द्यायची. इचलकरंजीत हे घडतं तेव्हा गल्लीगल्लीतली खटखट एकदम जाते. चिमण्या ऐकू येतात. लोक एकमेकांशी नेहमीच्याच मोठ्या आवाजात बोलतात आणि मग स्वतःच दचकतात.

वैशालीनं ग्राइंडर घासूनपुसून लख्ख केला होता. त्याला हळदकुंकवाची बोटं, झेंडूचा हार, पुढं नारळ आणि पेढे. वरच्या मजल्यावरच्या दोघीतिघी प्रसादाला आल्या होत्या, मी होते, चेअरमन मुसळे होते. मुसळे पेढ्यासाठी कुठल्याही मजल्यावर चढायचे.

"वैशालीताई, उद्या मीटिंगमध्ये मी सांभाळून घेतो," ते तोंडात पेढा धरून म्हणत होते. "पण म्हातारा ऐकायला पाहिजे."

एवढ्यात दार वाजलं. होगाडे होते. आंघोळ केलेली, कपाळाला गुलाल, म्हणजे कारखान्यातली पूजा उरकून आलेले. त्यांनी दारातूनच हात जोडले.

"वैशाली, पाया पडतो बाई तुझ्या. आज तरी बंद ठेवायचं होतंस. खंडेनवमीला कोण हत्यार चालवतंय का?"

मग वैशाली बाजूला झाली. तिच्यामागे ग्राइंडर होता, गळ्यात हार घालून, भिंतीतला प्लग काढून वायर वर गुंडाळून ठेवलेली.

मुसळ्यांना पहिलं हसू फुटलं. "होगाडेदादा! अहो, ह्याला तर हार घातलाय!"

बाकीच्याही हसल्या. हसू दाबून धरावं तेवढं जास्त येत गेलं.

"दादा, राग मानू नका," मुसळे म्हणाले, "पण तीस-पस्तीस वर्षं माग ऐकलाय तुम्ही. गावातला माग बंद झाला, पण तुमच्या डोक्यातला चालूच आहे. मागवाल्याचे कान असेच जातात. माझे वडील शेवटी शेवटी रिकाम्या खोलीत म्हणायचे, बंद करा रे तो."

होगाडे ग्राइंडरकडे बघत राहिले. नंतर त्या गुंडाळलेल्या वायरकडे. मग ते पुढं आले, ग्राइंडरला नमस्कार केला, वैशालीनं दिलेला पेढा घेतला आणि खाली गेले. पेढा त्यांनी खाल्ला नाही. मुठीत धरून नेला.

"मिटलं," मुसळे म्हणाले. "उद्याची मीटिंग नावालाच."

वैशालीनं त्यांना आणखी एक पेढा दिला. कितीतरी दिवसांनी ती मोकळेपणानं हसत होती.

दुपारी केतकी माझ्या दारात आली. "बाई, होगाडे आजोबांकडे येता?"

"कशाला?"

"ऐकायला. आज सगळंच बंद आहे. मग जे ऐकू येईल ते तेच असणार ना?"

मी चपला घातल्या.

दार होगाडेंच्या बायकोनं, आक्कांनी उघडलं. आक्कांनी जन्मभर मागांच्या खटखटीत कांड्या भरल्या होत्या, म्हणजे विणायचं सूत कांड्यांवर गुंडाळलं होतं. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून मोठ्यांदा बोलावं लागायचं. होगाडे आत खुर्चीवर बसले होते.

"जाऊ दे पोरी," ते म्हणाले. "माझेच कान खराब झाले असतील. हिला तर काहीच ऐकू येत नाही म्हणते."

"मी बघू का फक्त?"

"बघ की. कान माझे, तू भिंतीत काय बघणार?"

केतकीनं आक्कांकडे त्यांचं लाटणं मागितलं. आक्कांनी कारण न विचारता दिलं. ती स्वयंपाकघरात गेली. आधी ओट्यापाशी बसली. मग खिडकीखालच्या भिंतीला. मी दारात उभी होते. काही सांगायचं नाही, असं ठरवून उभी होते. फ्रीज त्यांच्याकडे नव्हताच. पंखा बंद होता. मागची बाल्कनी त्यांनी स्वयंपाकघरातच घेतली होती, तिच्या कोपऱ्यात जमिनीतून छतात जाणारा सांडपाण्याचा जाड पाइप होता. केतकी त्याच्यापाशी गेली, लाटणं टेकवलं, आणि तशीच राहिली.

बराच वेळ गेल्यावर तिनं मला खूण केली. मी लाटणं घेऊन कान लावला. होगाडे म्हणत होते तसाच आवाज. घूंऽऽ. एकसारखा, खोल, मध्येच किंचित थरथरणारा. मग खट् करून थांबला.

"थांबला ना आत्ता?" बाहेरून होगाडे म्हणाले.

केतकीनं माझ्याकडे बघितलं. आम्ही काही बोललो नव्हतो. ते खुर्चीवरच होते.

"हा पाइप वर कुठं जातो?" मी विचारलं.

ती छताकडे बघत राहिली. मग लाटणं ओट्यावर ठेवून ती जिन्यानं वर गेली. मी पोचले तेव्हा ती आपल्या घरातल्या मागच्या बाल्कनीत, भांडी घासायच्या जागेत, उभी होती. तिथं एक जुना, मोठा फ्रीज होता. वैशालीनं पीठ ठेवायला तो कुणाकडून तरी घेतला होता. जागा कमी, म्हणून तो कोपऱ्यात सारून ठेवलेला. त्याची पाठ पाइपाला टेकली होती. आम्ही बघत असतानाच फ्रीज लागला आणि घुमू लागला. केतकीनं पाइपावर तळहात ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "हा आमचाच आहे."

फ्रीजला कुणी हार घातला नव्हता. फ्रीज बंद ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आत उद्याचं पीठ होतं.

वैशाली आमच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं. आधी ती पाइपाकडे बघत राहिली, मग दार लावून आली.

"केतकी, हे बघ. हे आत्ता कुणाला बोलायचं नाही."

"का?"

"उद्या मीटिंग आहे. आवाज आपला आहे म्हटलं की तो अर्ज खरा ठरला. मग ग्राइंडर काय नि फ्रीज काय, लोक म्हणतील धंदाच बंद करा. उद्या होऊन जाऊ दे. परवा आपण गुपचूप फ्रीज सरकवू. आवाज जाईल. झालं. कुणाचं काय नुकसान?"

"आणि आजोबांना काय वाटेल?"

"त्यांना वाटेल बरं झालं, कान सुधारले."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत एक दिवस जाईल." वैशालीनं मला विचारलं, "बाई, चुकीचं सांगतेय का मी?"

तिचं म्हणणं मला खोटं वाटत नव्हतं. परवा फ्रीज सरकला असता आणि आवाज खरोखरच गेला असता. मी म्हणाले, "फ्रीज तुमचा आहे. ठरवा तुम्ही दोघी."

त्या दिवशी केतकी प्रसादाचा पेढाही खायला विसरली.

दसऱ्याला संध्याकाळी सगळे पार्किंगमध्ये जमले. आपट्याची पानं देऊन झाली. 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणून झालं. मुसळ्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, "विषय एकच आहे, आणि तोही कालच संपलाय. तरी दादा, तुम्ही बोला."

होगाडे उठले. त्यांच्या हातात आपट्याची पानं तशीच होती.

"माझा अर्ज मी मागं घेतो," ते म्हणाले. "वैशालीला मी उगीच त्रास दिला. तिनं मोठ्या मनानं घ्यावं." ते थांबले. "मला रात्री झोप लागत नाही. मला वाटलं, आवाजामुळं लागत नाही. पण आवाजच नाही म्हणताय सगळे, तर मग दुसरंच काहीतरी असणार. पोराला फोन केलाय. तो म्हणतोय, पुण्याला या, डोक्याच्या डॉक्टरला दाखवू. खोली विकून टाकू म्हणतोय. दिवाळीनंतर जातो आम्ही."

"अहो, एवढं मनाला लावून घ्यायचं नाही, दादा," मुसळे म्हणाले. पण ते हसत नव्हते.

आक्का होगाडेंच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना शब्द कळले नसावेत. ते बसले तेव्हा आक्कांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग संपलं?" कुणीतरी विचारलं.

"आजोबांच्या स्वयंपाकघरात चला," केतकी म्हणाली.

"काय गं?" मुसळे म्हणाले.

"सगळ्यांनी चला. दोनच मिनिटं."

वैशालीनं तिचा हात धरला. "केतकी."

केतकीनं हात ओढला नाही. तशीच उभी राहिली, आईकडे बघत. वैशालीची पकड आपोआप सैल झाली.

पहिल्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात आम्ही कसेबसे मावलो. निम्मी माणसं दाराबाहेर उभी राहिली. केतकीनं पंखा बंद करायला लावला, नळ घट्ट करायला लावला.

"आता ऐका."

सगळे ऐकू लागले. कुणीतरी खोकलं.

"काहीच नाही," मुसळे म्हणाले.

"काही नाही येत," मागून एक आवाज आला.

होगाडे मान खाली घालून उभे होते. केतकीनं कोपऱ्यातल्या पाइपावर तळहात ठेवून बघितला. मग म्हणाली, "ऐकू येत नसलं तरी चालेल. मी वर जाते. तुम्ही फक्त उभे राहा. तो थांबला की कळेल."

"कोण थांबला की?" मुसळ्यांनी विचारलं. पण ती गेली होती. तिची पावलं जिन्यावर, मग आमच्या डोक्यावर वाजली, मागच्या बाल्कनीकडे गेली.

आम्ही उभे राहिलो. ओट्यावर वाटीत चमचा ठेवलेला होता. मला त्याची बारीक किणकिण ऐकू येत होती की नाही, हे तेव्हा सांगता आलं नसतं.

आणि मग ती थांबली.

काय थांबलं ते कुणालाच सांगता येईना. पण सगळ्यांच्या माना वर झाल्या. डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं खांदे खाली आले. मुसळ्यांनी कानात बोट घालून फिरवलं. बाहेर रस्त्यावर पोरं ओरडत होती, ती एकदम जवळ आली.

"थांबलं," आक्का म्हणाल्या.

होगाडेंनी बायकोकडे बघितलं. "तुला कळलं?"

"पायातनं कळलं. एवढे दिवस फरशीतनं पायाला मुंग्या यायच्या. मला वाटायचं, वय झालं."

होगाडे ओट्याला टेकून उभे राहिले.

"आमचा फ्रीज आहे, दादा," वैशाली म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "ग्राइंडर नाही. फ्रीज. पाइपाला टेकलाय. काल कळलं मला."

मुसळ्यांनी घसा साफ केला. "म्हणजे मग अर्जाचं आता..."

"अर्ज गेला खड्ड्यात!" होगाडे म्हणाले. "पोरीनं फ्रीज बंद केलाय. आत पीठ असंल की नाही? आंबून जाईल सगळं. चला वर, धरू लागा."

वैशाली सगळ्यांच्या पुढं पळाली. मी तिच्या मागे. बाल्कनीत फ्रीजचं दार सताड उघडं होतं आणि केतकी त्याच्यापुढं बसून पिठाची पातेली एकेक करून बाहेर काढत होती. भरलेला फ्रीज सरकणार नव्हता. तिनं मागे वळून बघितलं नाही. पुढचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि मागे धरलं. वैशालीनं ते घेतलं. मग दुसरं घेतलं.

पातेली संपेपर्यंत होगाडे आणि मुसळे पोचले. बाल्कनीत चार माणसं मावत नव्हती.

"तुम्ही त्या बाजूनं धरा, आजोबा," केतकी म्हणाली. "उचलू नका, नुसता पुढं ओढा."

"मला शिकवतेस?" होगाडे म्हणाले. "अख्खे माग उचललेत मी."

"मग ओढा की."

फ्रीज कुरकुरला आणि वीतभर पुढं आला. केतकी फ्रीज आणि पाइप यांच्यामधल्या फटीत शिरली, हात वरपासून खालपर्यंत फिरवला. कुठंही अडला नाही.

"लावू?" मुसळ्यांनी विचारलं. त्यांचा हात बटणावर होता.

"थांबा," केतकी म्हणाली. ती फटीतून बाहेर आली, आमच्या सगळ्यांच्या मधून वाट काढत दारापर्यंत गेली. "मी खाली पोचले की लावा." आणि आक्कांच्या स्वयंपाकघरात जाऊन ऐकायला ती दोन दोन पायऱ्या टाकत जिना उतरून गेली.